विशेषणांचा अर्थ आणि त्यांचे वर्तन

(औंध येथे शिक्षक व ग्रामसेवक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९४८ साली गुजरातेतील पारडीस गेले. त्यापूर्वी अनेक वर्षे त्यांचे संस्कृत-प्रसाराचे कार्य याच औंधात चालले होते. संस्कृतात विशेषण विशेष्याचे लिंग, वचन व विभक्ती निमूटपणे स्वीकारते. मराठीत तसे नाही.

गुणविशेषण, संख्याविशेषण व सार्वनामिक विशेषण हे आपण शाळेत शिकवितो ते प्रकार अर्थावरून पाडलेले आहेत. शब्दाचे वर्तन त्यांवरून कळत नाही. 'काळी माती' आणि 'लाल माती' यांतील दोन्ही विशेषणे रंगवाचकच. पण 'काळा' हा काळी, काळे, काळ्या असा बदलतो, 'लाल' जागचा हालत नाही. 'पाच' तसाच राहतो, 'पाचवा' मात्र विकार पावतो. आकारान्त विशेषणे बहुधा विकारी असतात. 'बहुधा' अशासाठी की, कचेरीतील आपला 'जादा' हा शब्द आकारान्त असूनही बदलत नाही!

'नवा' आणि 'नवीन' यांचा अर्थ एकच. परंतु 'नवीन सभासदांची यादी' असा फलक लागला, तर नवीन काय, सभासद की यादी? 'नव्या सभासदांची यादी' म्हटले की सभासद नवे. 'सभासदांची नवी यादी' म्हटले की यादी नवी. विकारी विशेषण आपले विशेष्य स्वतःच दाखविते. अविकारी विशेषणाला जागेचाच आधार.

अर्थाचेही काही व्याकरणात उतरते. 'अधिक गरीब' म्हणता येते, 'अधिक भूमिहीन' म्हणता येत नाही. जमीन असते किंवा नसते. म्हणून 'अधिक भूमिहीन कुटुंबांना लाभ' यातील 'अधिक' संख्येचाच. 'अधिक गरीब कुटुंबांना लाभ' यात मात्र कुटुंबे अधिक की दारिद्र्य अधिक, हे कळत नाही. 'माजी' तर याहून निराळा. हुशार सरपंच हा सरपंच असतोच, माजी सरपंच नसतो. आणि 'हे सरपंच माजी आहेत' असे कोणी म्हणत नाही.

गावाचा कारभार गावकऱ्यांकडे सोपविणारी राज्यघटना औंध संस्थानाने १९३९ साली स्वीकारली. गावाने आपला कारभार पाहायचा, तर याद्या व सूचनाही गावानेच लिहावयाच्या. 'गरीब शेतकऱ्यांची मुले' ही सवलतीची अट घ्या. 'गरीब' अविकारी असल्याने येथे दोन वाचने संभवतात. बाप गरीब हवा असेल, तर 'ज्या शेतकऱ्यांची परिस्थिती गरिबीची आहे, त्यांची मुले' असे लिहावे. वाक्य लांबेल, पण अर्ज घेऊन आलेल्या बाईला दारातून परत जावे लागणार नाही.