बाटलीवरची मावशी आणि फडातला कोयता



साताऱ्या-सांगलीकडे भाकरीबरोबर काकवी खातात; अमेरिकेत पॅनकेक नावाच्या जाडसर धिरड्यावर पाक ओततात. या पाकाच्या एका प्रसिद्ध बाटलीवर अर्धशतकाहून अधिक काळ ‘आंट जेमायमा’, म्हणजे जेमायमा मावशी, हे नाव होते आणि सोबत एका हसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्र.

हे नाव प्रथम १८८९ साली पॅनकेकच्या तयार पिठाला दिले गेले. गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्यांची टवाळी करीत, अशा खेळातल्या एका गाण्यावरून ते उचललेले होते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात केंटकीमध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन या स्त्रीला ‘मावशी’ म्हणून उभे करण्यात आले. मालकाच्या सेवेत धन्यता मानणारी दासी, ही कल्पित कथा पिठाबरोबर विकली गेली आणि चाबकाचा इतिहास हास्याखाली झाकला गेला. १९२६ साली क्वेकर ओट्स कंपनीने हा व्यवसाय घेतला. पाक बाजारात आला १९६६ साली. नॅन्सी ग्रीन १९२३ मध्येच निवर्तली होती. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो मात्र २०२० मध्ये. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर त्याच वर्षी कंपनीने ही प्रतिमा मागे घेण्याचे जाहीर केले आणि २०२१ साली ‘पर्ल मिलिंग कंपनी’ हे नवे नाव दिले.

एक अपमान संपला, ही गोष्ट लहान नाही. परंतु चित्र पुसल्याने श्रमाचा हिशेब चुकता होत नाही.

मालावर नाव सन्मानानेही येऊ शकते. वाळव्याच्या सहकारी साखर कारखान्याला प्रतिसरकारच्या लढ्यातील हुतात्मा किसन अहिर यांचे नाव आहे. पण याच साताऱ्या-सांगलीच्या फडांत दर हंगामाला बीडकडून ऊसतोडीसाठी जोडपी येतात आणि मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात. उचल कोयत्याच्या नावे, मजुरीही कोयत्याच्या नावे. पहाटे थंडीत मोळ्या बांधणाऱ्या त्या स्त्रीचे वेगळे खाते नाही.

तिकडे स्त्रीचा चेहरा विकला गेला, वाटा मिळाला नाही; इकडे घाम घेतला जातो, नावही लिहिले जात नाही. साखरेच्या पोत्यावर तिचे चित्र नको. हजेरीपटावर तिचे नाव आणि त्यापुढे तिची स्वतंत्र मजुरी हवी.