सायकल येते म्हणजे काय येते?

श्रोतेहो, आपल्याकडे एखाद्या मुलाला विचारावे, "काय रे, सायकल येते का?" की तो चटकन म्हणतो, "येते की!" आणि प्रश्न तिथेच संपतो. पोहणे आणि सायकल एकदा आली की जन्मात विसरत नाही, असेही आपण वर ऐकवतो. हे काही खोटे नाही. पण जे विसरत नाही ते तोल सांभाळणे. सायकल हाताळणे ही त्याहून निराळी विद्या आहे, आणि ती पुष्कळांना आयुष्यभर येत नाही. मलाही येत नव्हती. हे मला कसे कळले ते आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझी पुतणी आठवीत गेली आणि मानव विकास कार्यक्रमातून तिला शाळेसाठी सायकल मिळाली. शाळा चार किलोमीटर. मी तेव्हा गावी होतो. काका म्हणून, शिवाय प्राध्यापक म्हणून, मी तिला उपदेश केला, "हे बघ, पुढचा ब्रेक दाबायचा नाही हं. तोंडावर आपटशील." माझ्या वडिलांनी मला हेच सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यात कालव्याच्या पुलाच्या उतारावर एक म्हैस आडवी आली. पोरीने मागचा ब्रेक जीव खाऊन आवळला. मागचे चाक अडकले, फरफटले, आणि सायकल कठड्यावर गेली. मनगट मोडले. मी भेटायला गेलो तर प्लास्टरमधला हात पुढे करून ती म्हणाली, "काका, मी पुढचा दाबलाच नव्हता."

श्रोतेहो, त्या दिवसापासून मी ह्या विषयाच्या मागे लागलो. वास्तविक माझा विषय इतिहास. पण जी माणसे सायकलवरच पोट भरतात ती तिला कशी हाताळतात, हे पाहावे असे मनाने घेतले. वाचले, शर्यतींची चित्रे पाहिली, आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा सायकल घेऊन घाटात जाऊन एकदा आपटूनही आलो. त्यात पहिली गोष्ट ही समजली की सायकलपटू म्हणून एक जात नाही, अनेक आहेत. आणि एकीचा गुण तो दुसरीचा दोष ठरतो.

बंदिस्त धावमार्गावरच्या शर्यतीच घ्या. दिल्लीला 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी असा लाकडी मार्ग बांधला गेला. एक फेरी 250 मीटरांची, आणि वळणावरची फळी 40 अंशांहून अधिक कललेली, म्हणजे घराच्या उतरत्या कौलारू छपराहून उभी. त्यावर ताशी 60 किलोमीटरांच्या वेगाने माणसे फिरतात आणि त्यांच्या सायकलीला ब्रेकच नसतो! पायडल चाकाला पक्के जोडलेले. चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत. वेग कमी करायचा तर पायांनीच चाकाला विरोध करायचा. ब्रेक नसणे हेच तिथे सुरक्षित, कारण पुढच्याने एकाएकी ब्रेक लावला तर मागचा त्याच्यावर आदळणार.

ह्याच मार्गावर दोघांची एक शर्यत असते. तिच्यात सुरुवातीला दोघेही गोगलगायीसारखे चालतात, प्रसंगी जागच्या जागी उभे राहतात, पाय न टेकता. प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने पुढे व्हावे; कारण मागे राहणाऱ्याला वारा कमी लागतो आणि पुढच्यावर नजरही ठेवता येते. हे पाहताना मला आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनातली सावकाश सायकल शर्यत आठवली. शेवटी येईल तो पहिला! आपण ती गंमत म्हणून ठेवतो, पोरे हसतात, पडतात. पण पुढचे चाक किंचित वाकडे ठेवून, पायडलवर हलका दाब देत, बुडाखाली सायकल इंचाइंचाने सरकवणे ही त्या शर्यतपटूची विद्या तीच आहे. गर्दीच्या बाजारातून, चिखलाच्या बांधावरून जाणाऱ्याला तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा नाही.

रस्त्यावरच्या शर्यतीचे शास्त्र वेगळे. मुंबई-पुणे शर्यत आपल्यापैकी अनेकांनी हमरस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिली असेल. खंडाळ्याचा चढ प्रथम चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तिथे माणसे एकमेकांच्या मागे वीतभर अंतराने धावतात, वाऱ्याचा आडोसा घेतात. अशा घोळक्यात पहिला नियम म्हणजे आपली रेघ सोडायची नाही. हँडल हलवायचे नाही, एकदम ब्रेक मारायचा नाही. माझे पुढचे चाक तुमच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरले आणि तुम्ही जरा सरकलात, तर तुम्हाला फारसे काही होत नाही, पडतो तो मी. शाळेच्या वाटेवर चार-चार मुली गप्पा मारीत शेजारून जातात, तेव्हा नेमके हेच घडते.

आता ह्या घोळक्यातला माणूस डोंगरातल्या पायवाटेवर आणा. 1970 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. 1976 साली त्यांनी एका उतारावर शर्यतीच सुरू केल्या. उताराचे नाव 'रिपॅक'. मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई, आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव. डोंगरातली सायकल 1996 साली ऑलिंपिकमध्ये गेली. तिथे रेघ धरून ताठ बसणारा पहिल्याच दगडावर उडतो. बुड खोगिरावरून उचलायचे, कोपर-गुडघे वाकवायचे, आणि खाली सायकलीला नाचू द्यायचे. माणूस स्थिर, सायकल अस्थिर. घोळक्यात असे नाचणारा शेजाऱ्यांच्या शिव्या खाईल.

मला विचाराल तर सगळ्यांत मौजेची शर्यत बेल्जियम-हॉलंडकडची हिवाळी, चिखलातली. टायर जेमतेम 33 मिलिमीटर रुंदीचे. वाटेत 40 सेंटिमीटर उंचीच्या फळ्या आडव्या. चालत्या सायकलीवरून उतरायचे, ती उचलायची, धावायचे आणि पुन्हा उडी मारून बसायचे. चढ फारच निसरडा असेल तर सायकल सरळ खांद्यावर. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात पोष्टमन हे करीतच आले आहेत, फक्त त्यांना कोणी पदक दिले नाही! हॉलंडचा मॅथ्यू व्हॅन डर पोल ह्या चिखलात तयार झाला, आणि 2023 साली रस्त्यावरच्या शर्यतीचा जगज्जेता झाला. त्याच वर्षापासून त्याने फ्रान्समधली पॅरिस-रूबे ही शर्यत ओळीने तीनदा, 2025 पर्यंत, जिंकली. ह्या शर्यतीत पन्नासाहून अधिक किलोमीटर ओबडधोबड दगडी फरसबंदी आहे. त्या दगडांवर हँडल जो घट्ट आवळतो त्याचेच हात जातात. पकड सैल ठेवावी लागते. खडीच्या रस्त्यावर उद्या करून पाहा.

आणि मैदानात आठ-आठ दिवस सायकलवरून न उतरणारे, तिच्यावरच अंघोळ करणारे खेळकरी? त्यांना आपण विसरूनच गेलो. दातांनी रुमाल उचलणारा तो माणूस कोणत्याही पदकवाल्याहून कमी नव्हता.

वळणाचेही एक गूढ आहे. वेगात डावीकडे वळताना आपण हँडल प्रथम किंचित उजवीकडे नेतो. त्यामुळे सायकल डावीकडे कलते आणि मग वळते. हे आपले शरीर करते, आपल्याला पत्ता नसतो. विमान करणारे राईट बंधू मूळचे सायकलवाले. त्यांच्यापैकी विल्बरने अनेकांना विचारले, तुम्ही वळता कसे? सामान्य स्वारांपैकी कोणालाच ते नीट सांगता आले नाही.

मी घाटात पडलो तो मात्र वळणामुळे नव्हे, ब्रेकमुळे. आंबेनळी घाटात वळणाच्या ऐन मध्यावर, बारीक खडीवर, पुढचा ब्रेक दाबला. पुढचे चाक निसटले की माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणजे वडिलांच्या सांगण्यात तथ्य होते, पण अर्धे. वेग थांबू लागला की सारा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे हलके होते. हलके चाक धरून ठेवले तर ते फक्त घसरते. म्हणून कोरड्या, सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक लावले, बुड मागे सरकवले आणि हात ताठ धरले, तर निव्वळ मागच्या ब्रेकच्या मानाने जवळजवळ निम्म्या अंतरात सायकल थांबते. वळणात, खडीवर, शेणावर मात्र पुढच्याला हात लावायचा नाही. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. शिवाय पावसात लोखंडी रिमवर ब्रेक नुसता सरकतो, तेव्हा आधीपासून हलके दाबत यावे लागते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. सायकलींचे वाटप झाले, फोटो निघाला की त्याच आठवड्यात एक संध्याकाळ मैदानावर काढा. चुन्याची एक रेघ ओढा आणि तिच्यापाशी थांबायला सांगा. आधी मागच्या ब्रेकने, मग दोन्हींनी, सावकाश वेगापासून सुरुवात करून. किती पावले फरक पडतो ते मुलींनाच मोजू द्या. एका हाताने हँडल धरून मागे वळून बघायला लावा, रेघ न सोडता. आणि सावकाश शर्यत वर्षातून एकदाच का, दर शनिवारी घ्या.

माझ्या पुतणीचा हात बरा झाला, तरी सायकल चार महिने पडवीत भिंतीला टेकून होती आणि तितके दिवस तिची शाळा मोटारसायकलवाल्या भावाच्या सवडीवर चालली. दिवाळीच्या सुटीत मी तिला घेऊन त्याच पुलाच्या उतारावर गेलो. आधी पायी. मग सायकलवर, उताराच्या अर्ध्यातून. पहिल्या दोन खेपांना तिची बोटे पुढच्या ब्रेकवर जाईनात. तिसऱ्या खेपेला गेली, आणि सायकल पुलाच्या बरीच अलीकडे उभी राहिली. तिने मागे वळून विचारले, "काका, हे आधी का नाही सांगितलंत?"