प्राथमिक शाळेतील गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संगीतावर चार शब्द बोला, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी पहिली-दुसरीच्या मुलांपुरतेच बोलणार आहे.

त्यांच्या वाट्याला गाणे केव्हा येते? सकाळी प्रार्थना, राष्ट्रगीत आणि २०२३ पासून राज्यगीत. नंतर एकदम स्नेहसंमेलनाच्या आधीचे आठ दिवस! तेव्हा दहा मुले निवडतात आणि उरलेल्यांपैकी कोणाला तरी सांगतात, “तू नुसते ओठ हलव.” सहा वर्षांच्या मुलाला हे वाक्य जन्मभर पुरते. आपल्यातल्याही कितीजणी आरती तोंडातल्या तोंडात म्हणतात! त्यांना विचारून पाहा. लहानपणी कोणी तरी त्यांचा आवाज भसाडा ठरवलेला असतो.

वास्तविक दोष पुष्कळदा पट्टीचा असतो. गुरुजी आपल्या गळ्याच्या सोयीने काळी एक धरतात. मुलाने त्यांच्याबरोबर खाली म्हणावे तर सूर लागत नाही, सप्तकभर वर घ्यावे तर टिपेला ओरडावे लागते. तेच गाणे काळी चार-पाचच्या सुमारास धरले, की ‘बेसूर’ मुलांपैकी निम्मी सुरात येतात.

कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि सामान्य घरांतल्या मुलामुलींना गाण्याचे दार उघडून दिले. ते उपकार मोठेच. पुढे त्या परंपरेतून परीक्षाही आल्या. मोठ्या मुलांना त्या अवश्य द्याव्यात. पण सात वर्षांच्या पोराकडून वादी-संवादी घोकून घेणे मला मुळीच पसंत नाही.

हंगेरी देशात झोल्तान कोडाय (१८८२-१९६७) नावाचे थोर संगीतकार होऊन गेले. आधी गळा, मग वाद्य; आणि पहिली गाणी आपल्याच मातीतली, असा त्यांचा आग्रह. तिकडे केचकेमेट गावी १९५० साली त्यांच्या विचाराने प्राथमिक शाळाच निघाली, रोज गाणारी!

आपल्या मातीत काय कमी आहे? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. ओवीची चाल चार-पाच सुरांत बसते आणि लय जात्याच्या फेऱ्याची. लहान गळ्याला याहून सोपे काय हवे? भोंडल्याच्या फेरात तर लय पायांतच उतरते. आता घरोघरी चक्कीचे पीठ आले आणि ओव्या मागे पडल्या. तरी आपल्या कोल्हारात, नवरात्रात भगवतीमातेच्या देवळात बसणाऱ्या आजीबाईंपैकी काहींना त्या अजून येत असतील. त्यांना गाठले पाहिजे, आणि लवकर.

म्हणून मंडळापुढे माझी एक मागणी आहे. मुख्याध्यापकांची परवानगी काढून दोघीजणींनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास शाळेत जावे. निवड करू नये. सारा वर्ग गाईल. आपण एक ओळ म्हणावी, मुलांनी ती परत म्हणावी, हाताने टाळी धरावी. ओरडू देऊ नये. एखाद्याचा सूर हलत असेल तर त्याला चांगल्या गाणाऱ्याशेजारी बसवावे, बोलू मात्र काही नये. पहिले दोन महिने पेटी नेऊच नये, म्हणजे कान तयार होतात. संमेलनाचा कार्यक्रमही यंदा कोणी मागू नये.

ज्यांना जमेल त्यांनी सभा संपताच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. गळा गोड असण्याची अट नाही.