सहा वाजता झोपणारं वायफाय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चहाच्या वेळी विज्ञानाच्या बाईंनी मला धरलं आणि विचारलं, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ते कळलं, पण करतेस काय नेमकं?" वीस-बावीस वर्षं झाली, हे मी माझ्या आईलासुद्धा नीट सांगू शकलेले नाही. आज मात्र सांगायला सोपं जाईल, कारण उदाहरण समोर आहे. तुमच्या डोक्यावर छताला जी पांढरी ताटली चिकटवलेली दिसते, जी सकाळपासून तिघांना पंख्याचं झाकण वाटली, तो आहे अ‍ॅक्सेस पॉइंट. अशा 9 ताटल्या आपण आपल्या बॅचच्या वर्गणीतून दिवाळीच्या सुट्टीत बसवल्या. त्याबद्दलचं कौतुक बाहेरच्या फलकावर लिहिलेलंच आहे. पण त्या कामात माझ्या हातून एक चूक झाली. पैसे तुमचे होते, त्यामुळे ती तुम्हाला कळायला हवी.

आधी हे चालतं कसं ते सांगते. आपला बीड जिल्हा डोळ्यांसमोर आणा. 11 तालुके, तालुक्यात मंडळं, मंडळात सजे, सज्यात गावं. मुंबईहून आदेश निघाला की तो कलेक्टर, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी असा उतरत चावडीवर येतो. नेटवर्कची मांडणी हुबेहूब तशी असते. सगळ्यात वर संस्था. तिच्याखाली शाळेचा परिसर. त्याखाली इमारती: जुनी दगडी शाळा, नवी इमारत आणि मुलींचं वसतिगृह. इमारतीत मजले, आणि मजल्यावर ताटल्या. वरच्या पातळीवर एकदा लिहिलं, की नेटवर्कचं नाव हे, पासवर्ड हा, चालू राहण्याची वेळ ही, की ते आपोआप खालपर्यंत उतरतं. आमच्या भाषेत याला वारसा म्हणतात. खालच्या एखाद्या पातळीवर वेगळं काही लिहिलं, तर तेवढ्यापुरतं खालचं चालतं. 9 ताटल्यांना हा खटाटोप जास्त वाटेल. पण 9च्या 90 झाल्या, तर प्रत्येकीचा पासवर्ड हाताने बदलत बसायचं का?

हे सगळं लिहायचं कुठे, तर क्लाउडमध्ये, म्हणजे दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे मी पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरूनही उघडू शकते. ताटलीला वीज मिळाली, इंटरनेट मिळालं, की ती स्वतःहून त्या सर्व्हरला हाक मारते, माझा नंबर हा, मी कुठली? सर्व्हर सांगतो, तू वसतिगृहाची, हे तुझे नियम. तुमचा व्हिडिओ, तुमचे मेसेज त्या सर्व्हरमधून जात नाहीत. तिथून फक्त नियम येतात आणि तिथे फक्त हालहवाल जाते. इंटरनेट तुटलं तरी ताटल्या शेवटच्या नियमांवर चालत राहतात.

ही कल्पना तशी फार जुनी नाही. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात रूफनेट नावाचा प्रयोग होता. केंब्रिज शहरातल्या घरांच्या छपरांवर वायफायची उपकरणं बसवून ती एकमेकांना जोडायची. त्यातल्या संजित बिस्वास आणि जॉन बिकेट यांनी 2006 साली मेराकी नावाची कंपनी काढली आणि अशा उपकरणांचा कारभार इंटरनेटवरून चालवायची सोय केली. 2012 साली सिस्कोने ती 1.2 अब्ज डॉलरला विकत घेतली. आता बहुतेक सगळ्या कंपन्या असं काहीतरी देतात. काहींचा वार्षिक परवाना भरावा लागतो आणि तो संपला की उपकरण रुसतं. आपण तसलं घेतलं नाही, एवढं वर्गणी देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं!

कागदावर ही उतरंड सुरेख दिसते. जमिनीवर तारांची दुसरी उतरंड असते आणि ती कागदाला जुमानत नाही. फायबर ऑफिसात येतं. तिथून स्विच. स्विचमधून प्रत्येक ताटलीला एकच केबल, तिच्यातूनच डेटा जातो आणि वीजही. ही केबल 100 मीटरपर्यंत चालते. वसतिगृह मैदानापलीकडे, त्याहून लांब. म्हणून शाळेच्या गच्चीवर एक आणि वसतिगृहाच्या गच्चीवर एक अशा दोन छोट्या डिश समोरासमोर लावल्या. मधे आपलं लिंबाचं झाड येत होतं. ज्याच्याखाली आपण शिक्षा भोगल्या, त्याची एकही फांदी न तोडता खांब वाढवला, हे सरांना मुद्दाम सांगते. दगडी भिंती जाड, त्यामुळे जुन्या इमारतीत दोन वर्गांमागे एक ताटली लागली. वसतिगृहाच्या वरच्या खोल्यांना पत्रा आहे, आणि पत्र्यातून वायफाय आरपार जात नाही.

आता चूक.

ऑफिसची आणि मुख्याध्यापकांची सूचना होती की वायफाय सकाळी 8 ते संध्याकाळी 6 एवढंच चालू असावं, नाहीतर गावातली पोरं रात्री भिंतीला टेकून बसतील. रास्त होतं. मी वरच्या पातळीवर, 'शाळेचा परिसर' या ठिकाणी, तशी वेळ लिहिली आणि पुण्याला परतले. चार दिवसांनी ऑफिसातल्या भाऊसाहेबांचा फोन. "ताई, सकाळी नेट येतच नाही. दुपारी दीडला येतंय." मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. घड्याळाचा प्रदेश निवडायचा राहिला होता. सॉफ्टवेअर ग्रीनिचच्या वेळेने चालत होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे आपलं वायफाय दुपारी 1:30 ते रात्री 11:30 चालू राहत होतं. मी भारतीय वेळ निवडली, एक बटण दाबलं, आणि पुण्यात बसून मिनिटभरात बीड जिल्ह्यातली 9 उपकरणं सुधारली. भाऊसाहेबांनी तोंडभर आभार मानले. मीही खूश झाले. घरी सांगितलंसुद्धा.

त्यानंतर संक्रांतीला माहेरी आले आणि तिळगूळ घेऊन वसतिगृहात गेले. तिथे कोण असतं ते तुम्हाला सांगायला नको. धारूर, वडवणी, केजकडच्या मुली. दसरा-दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात, आणि फाल्गुन-चैत्रात परततात. आपल्या वर्गातही दिवाळीनंतर बाकं रिकामी व्हायची. त्यातल्या किती जणी परत आल्या, हे आपण कधी मोजलं नाही. आता निदान मुली मागे राहू शकतात.

सातवीतल्या एकीने तिळगूळ घेतला आणि विचारलं, "ताई, तुमचं वायफाय सहालाच झोपायलंय का हो?"

मला आधी कळलंच नाही. मग वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं. त्या खोलगट जागेत मोबाईलची रेंज नाही. आईबाप फडातून कोपीवर येतात ते अंधार पडल्यावर. पहिले चार दिवस, म्हणजे माझ्या चुकीच्या घड्याळाच्या कृपेने, रात्री आठनंतर बाईंच्या फोनवरून मुली आळीपाळीने व्हिडिओवर आईशी बोलल्या. कुणाला धाकटा भाऊ दिसला, कुणी आईच्या हाताला बांधलेली चिंधी बघितली. पाचव्या दिवशी सहा वाजता सगळं बंद. बाईंना वाटलं, शाळेने ठरवून बंद केलं असेल. मोठ्या लोकांनी ठरवलेलं कोण विचारतो? मुलींना वाटलं, आपण जास्त वापरलं म्हणून बंद केलं. त्यांनी आपापसात भांडून कुणी किती मिनिटं बोललं याचा हिशेबही काढला होता. असे दोन महिने गेले.

आणि मी? मी दर आठवड्याला पडदा उघडून बघत होते. 9 पैकी 9 हिरवे. ते खोटंही नव्हतं. ताटली चालू असते, सर्व्हरशी बोलत असते, फक्त वायफायचं नाव हवेत सोडत नाही. वसतिगृहाच्या वापराचा आलेख होता, तो सहानंतर सपाट. तो आलेख मी बघितला होता, मित्रांनो. मला तो शिस्तीचा वाटला.

त्या रात्री घरी जेवताना वडिलांना हे सांगितलं. आमचं रान माजलगावच्या कालव्यावर, एका चारीच्या अगदी शेवटाला. पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने पाणी माजलगाव धरणात येतं, तिथून मुख्य कालवा, वितरिका, मायनर आणि मग आमची चारी. तीही उतरंडच. लहानपणी पाटकऱ्याच्या वहीत आमची पाळी झालेली असायची आणि रानात ढेकूळही भिजलेलं नसायचं. वरच्यांनी रात्री दारं उघडलेली असायची, किंवा चारीतच पाणी मुरलेलं असायचं. वडील एवढंच म्हणाले, "तू शेवटच्या खोलीत जाऊन बघितलं होतंस का?" मी नव्हतं बघितलं. बसवताना संध्याकाळच्या गाडीची घाई होती. ऑफिसात, लॅबमध्ये आणि मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये वेग मोजून निघाले होते.

सिंचनवाल्यांकडे यावर एक जुना तोडगा आहे, टेल टू हेड. पाळी शेवटाकडून सुरू करायची, शेवटच्या रानाला पाणी मिळालं की मग वरचं दार उघडायचं. इंटरनेटमध्येही हा विचार झालेला आहे, आणि आपल्याच राज्यात. सरकारने 2011 साली मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेत फायबर ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचं ठरलं. पण ग्रामपंचायतीपासून पाड्यावर काय? पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या लोकांनी ग्राममार्ग नावाचा प्रकल्प या मधल्या टप्प्यासाठीच केला. टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरी वापरून त्यांनी गावं जोडून बघितली. त्या लहरी झाडझाडोऱ्यातून वायफायच्या लहरींपेक्षा बऱ्या जातात. 2017 मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं, सव्वा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. आपल्या मैदानापलीकडच्या वसतिगृहाचा प्रश्न त्यांच्या पाड्यांच्या प्रश्नाचंच लहान भावंड आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वसतिगृहात गेले, या वेळी लॅपटॉप आणि शिडी घेऊन. शिपाई मामांनी शिडी धरली. आधी शेवटच्या खोलीपासून सुरुवात केली. तिथल्या ताटलीला मी केबल टाकली नव्हती. ती शेजारच्या ताटलीकडून हवेतूनच इंटरनेट घेत होती. त्याला मेश म्हणतात, दिसायला सोयीचं असतं. पण एकाच रेडिओवर घ्यायचं आणि त्याच रेडिओवर द्यायचं म्हटल्यावर प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. चारीत पाणी मुरतं तसंच. 30 मीटर केबल टाकून ती ताटली थेट स्विचला जोडली. मामा म्हणाले, "हे दिवाळीतच केलं असतं तर?" मामा तेव्हाही बरोबर बोलायचे, आठवतं ना?

मग क्लाउडमध्ये वसतिगृहासाठी वेगळी फांदी केली आणि तिथे फक्त वेळ बदलली, पहाटे 5 ते रात्री 10. बाकी नाव, पासवर्ड, नको त्या साइटवरची बंदी, सगळं वरून येतं तसंच ठेवलं. हे महत्त्वाचं आहे, कारण उत्साहात सगळंच वेगळं लिहिलं की उद्या वर पासवर्ड बदलला तरी खाली पोचत नाही, आणि वसतिगृह पुन्हा एकटं पडतं. तशी एक चूक मी नोकरीत केलेली आहे, ती वेगळ्या मेळाव्यात सांगेन.

शेवटचा बदल मला करायला अवघड गेला. या सॉफ्टवेअरमध्ये माणसांचीही उतरंड असते, कोणी काय बघायचं, कोणी काय बदलायचं. तोवर सगळ्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. कुणी काही बिघडवेल या भीतीने मी शाळेलाही फक्त बघण्याचा अधिकार दिला होता. म्हणजे वसतिगृहाच्या बाईंना कळलं असतं तरी त्यांना मलाच फोन करावा लागला असता, आणि माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता. आता त्यांच्या फांदीच्या वेळेची किल्ली त्यांच्याकडे आहे. मोबाईलवर कसं करायचं ते शिकायला त्यांना दहा मिनिटं लागली. त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने पायऱ्या लिहून घेतल्या आणि वहीला खाकी कव्हरही घातलं.

कोणी काय बदललं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं. फेब्रुवारीत एकदा सहज उघडून बघितली. बाईंनी शनिवारची वेळ 10वरून 11 केली होती. पुढच्या आठवड्यात एका मंगळवारी 12 केली, आणि बुधवारी पुन्हा 10. मंगळवारी काय होतं ते मी विचारलं नाही. फडात ट्रक रात्री कधीही भरायला येतो, एवढं मला माहीत आहे.

वाढपी दारात उभे राहून माझ्याकडे बघताहेत, तेव्हा आवरते. वसतिगृहाच्या बाई मागच्या रांगेत बसल्या आहेत. जेवण झाल्यावर ज्यांना बघायचं असेल त्यांनी त्यांच्याबरोबर मैदानापलीकडे यावं. शेवटच्या खोलीपासून सुरुवात करू.