नाव एक, स्पेलिंगं चार



मी ग्रंथपाल नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी छोट्या वाचनालयांच्या याद्या संगणकावर आणायला मदत करतो. आज त्याबद्दलच बोलतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगली नगर वाचनालयात शिरलं. हजारो पुस्तकं भिजली. तेव्हा मला वाटलं, पुस्तक गेलं तर गेलं, पण काय गेलं याची यादी तरी पाण्याबाहेर हवी.

यादी हाताने करायची तर वर्षं जातात. इथे एपीआय कामाला येतो. खिडकीवर चिठ्ठी द्यावी आणि आतून माहिती यावी, तसं हे आहे. ओपन लायब्ररीला आयएसबीएन दिला की बऱ्याच पुस्तकांचं शीर्षक, लेखक, प्रकाशन वर्ष मिळतं. काही संग्रह आपली सूची ठरलेल्या पद्धतीने उघडी ठेवतात. दुसरी यंत्रणा अधूनमधून येऊन नव्या नोंदी उचलते. याला हार्वेस्टिंग म्हणतात, म्हणजे सुगीच. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय वेगवेगळ्या संस्थांच्या नोंदी असेच एकत्र आणतं. साताऱ्याच्या मित्रांनो, तुमच्या वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आज ऑनलाइन आहे. पहिला खंड १९७६ चा. लेखकाच्या नोंदीला त्यातल्या लेखाचा दुवा जोडला, की वाचकाला पुढची वाट सापडते.

आता अडचण सांगतो. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ साली गेले. मी त्यांची ध्वनिमुद्रणं शोधायला बसलो. कुठे 'खान', कुठे 'खाँ'. रोमनमध्ये 'करीम' एकदा 'आय'ने, एकदा दोन 'ई'ने. एका नावाने शोधलं तर बाकीचं दिसतच नाही. मग मी स्क्रिप्ट सैल केली, आणि तिने त्याच नावाच्या एका हयात लेखकाला १९३७ साली मारून टाकलं! चूक माझीच होती. तेव्हापासून नियम एकच: जुळणी यंत्राची, मंजुरी माणसाची. विकिडेटात एका व्यक्तीला एक क्रमांक असतो आणि त्याखाली तिची सगळी नावं. नावावर विसंबू नका, क्रमांक आणि जन्म-मृत्यूची वर्षं ताडून पाहा.

दुसरी खबरदारी कायद्याची. पुस्तकाची नोंद करायला कोणाची हरकत नसते, पण स्कॅन करून टाकणं वेगळं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. शाहीर अमर शेख १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबायचं. हमीद दलवाईंसाठी २०३७.

आणि आता मुख्य मुद्दा. एपीआय तेवढंच देतो, जेवढं कोणीतरी आत ठेवलंय. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच्या आगेमागे किती कवितासंग्रह, किती स्मरणिका लेखकांनी पदरमोड करून छापल्या! कित्येकांवर आयएसबीएन नाही. विचारलं की कोरं उत्तर येतं. त्याचा अर्थ पुस्तक नव्हतं असा नाही, कोणी नोंदवलं नाही असा आहे. पण उद्या एखादा मुलगा यंत्राला विचारेल, मुसलमानांनी मराठीत काय लिहिलं? आणि यंत्र म्हणेल, फारसं काही नाही. ते खोटं असेल, पण खोडून काढायला आपल्याकडे यादी नसेल.

म्हणून एक काम मागतो. आपापल्या गावच्या वाचनालयात जा, ग्रंथपालांची परवानगी घ्या, एकच कपाट निवडा. प्रत्येक पुस्तकाच्या नामपृष्ठाचा फोटो काढा. नाव छापलंय तसंच देवनागरीत लिहा, ओपन लायब्ररीत आणि विकिडेटात भरा. यादीची एक प्रत गावाबाहेरच्या कोणाकडे ठेवा. घरात आजोबांच्या ट्रंकेत एखादी स्मरणिका असेल, तर सुरुवात तिथूनच करा.

नदी पुन्हा येईल. तोवर एक कपाट तरी होऊ द्या.