तैवान: जहाज आलेच नाही तर?

१७ मे २०२५ रोजी तैवानने माआनशान येथील आपली शेवटची अणुभट्टी बंद केली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर या बेटाची जवळजवळ निम्मी वीज अणुभट्ट्यांतून येत होती. चाळीस वर्षांत तो वाटा शून्यावर आला. हा पर्यावरणाचा विजय की निव्वळ अविचार, यावर तिथे दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलले जाते. मला मात्र त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: बंदरात इंधनाचे जहाज आलेच नाही, तर बेटावर वीज किती दिवस पुरेल?

तैवान आपल्या ऊर्जेपैकी सुमारे ९६ टक्के आयात करतो. २०२४ मध्ये तिथली सुमारे ४२ टक्के वीज नैसर्गिक वायूवर आणि ३९ टक्के कोळशावर तयार झाली. कोळशाचे ढीग रचून ठेवता येतात. द्रवरूप वायू मात्र उणे १६२ अंशांवर राखावा लागतो, त्याच्या टाक्या महाग, आणि टाकीतही तो थोडाथोडा उकळून कमी होत राहतो. म्हणून त्याचा साठा जेमतेम अकरा दिवसांचा. शिवाय त्यातला मोठा हिस्सा कतारचा, म्हणजे होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येणारा. युरेनियमही परदेशीच असते, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण अणुभट्टीत एकदा इंधन भरले की ती साधारण दीड वर्ष चालते, आणि पुढच्या खेपेचे इंधन एका इमारतीत मावते. बेटाच्या हिशेबात अणुऊर्जा हा आधी साठा आहे, मग वीजस्रोत. आणि साठा नसला की काय होते, हे पाहायला शत्रूच्या नाकेबंदीची गरज नाही. १५ ऑगस्ट २०१७ रोजी तातान वीजकेंद्राचा वायुपुरवठा एका चुकीमुळे दोनच मिनिटे थांबला. सहाही संच बंद पडले, लाखो घरे अंधारात गेली आणि अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

फुकुशिमाचे काय, असे विचारले जाईल. माआनशानजवळून हेंगचुन भ्रंशरेषा जाते, तेव्हा ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण फुकुशिमात चालू अणुभट्ट्या भूकंप होताच बंद झाल्या होत्या. घात केला तो त्सुनामीने बुडालेल्या डिझेल जनित्रांनी. म्हणजे प्रश्न त्या जागेचा आणि तिथल्या तयारीचा आहे, आणि तो तपासून सोडवावा लागतो. युद्धात अणुकेंद्र ओलीस धरले जाते, हे युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया अणुकेंद्राने २०२२ पासून दाखवले आहे. मात्र तैवानची वायू उतरवून घेणारी टर्मिनले पश्चिम किनाऱ्यावर, चीनच्या समोरच आहेत, हेही त्याच वेळी सांगायला हवे.

कचऱ्याचा आक्षेप वेगळा. त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. लानयू या छोट्या बेटावर ताओ आदिवासींच्या माथी १९८२ पासून किरणोत्सर्गी कचऱ्याची सुमारे एक लाख पिंपे मारली गेली. कुओशेंग अणुकेंद्राचा पहिला संच २०२१ मध्ये परवान्याची मुदत संपण्याआधीच बंद करावा लागला, कारण वापरलेले इंधन ठेवायला जागा उरली नव्हती. ही हार तंत्रज्ञानाची नाही, राजकारणाची आहे. पण लानयूच्या माणसाला या फरकाने काय मिळणार?

तरीही अणुभट्ट्यांच्या जागी काय आले, ते पाहा. २०१६ नंतरच्या सरकारी योजनेत २०२५ साठी ५० टक्के वायू, ३० टक्के कोळसा आणि २० टक्के नूतनीकरणक्षम ऊर्जा असे गणित होते. वाऱ्याला इंधनाचे जहाज लागत नाही, म्हणून तैवानच्या सामुद्रधुनीतल्या पवनचक्क्या खऱ्या अर्थाने बेटाच्या कामाच्या. पण २०२४ मध्ये नूतनीकरणक्षम वाटा १२ टक्क्यांच्याही खालीच होता. पवनचक्की आणि अणुभट्टी यांना एकमेकींविरुद्ध उभे करण्यात वर्षे गेली, आणि मधल्या मध्ये वायू वाढला.

२३ ऑगस्ट २०२५ च्या सार्वमतात माआनशान पुन्हा चालू करण्याच्या बाजूने सुमारे ४३ लाख मते पडली, विरोधापेक्षा जवळजवळ तिप्पट. परंतु एकूण मतदारांच्या एक चतुर्थांशाची अट पुरी न झाल्याने ठराव पडला. माआनशानचे दोन संच मिळून १,९०० मेगावॅटच्या आसपास. त्यांनी बेट तरणार नाही. तरी माझे मत असे, की तपासणीत ते उतरले तर चालू करावेत, आणि त्याच आदेशात लानयूची पिंपे हलवण्याची तारीखही लिहावी.