टायरच्या पोटातला धागा



"रबराच्या कंपनीत तू नक्की करतोस काय?" असं मघाशी तिघांनी विचारलं. धागा रबराला धरून राहतो की नाही, एवढंच बघतो!

शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमुळे टायरला धागा लागतो हे आपल्या भागात नवं नाही. बाहेरून काळं रबर दिसतं, पण हवेचा दाब पेलतो आतला धागा. आधी सुती, मग रेयॉन, मग नायलॉन. नायलॉन चिवट, पण गाडी रात्रभर उभी राहिली की टायर टेकल्या जागी चपटा होतो आणि सकाळी थोडा वेळ धडधडतो. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलेल्या पॉलिएस्टरला ही खोड कमी. तो ताणतोही कमी. म्हणून कारच्या रेडियल टायरांत आज बहुधा तोच असतो. आपल्या टेरिकॉटच्या शर्टातला तोच हा!

अडचण एकच, तो रबराला सहज चिकटत नाही. म्हणून त्याला आधी एक लेप देतात, मग रेसॉर्सिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि लॅटेक्सच्या मिश्रणात बुडवून भट्टीत तापवतात. तपकिरी झालेलं हे कापड काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावं लागतं. ऊन, ओल लागली की चिकटपणा गेला.

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी कन्व्हेयर पट्ट्यांच्या एका छोट्या कारखान्यात होतो. त्या पट्ट्यांवर 'ईपी' लिहितात: लांबीत पॉलिएस्टर, रुंदीत नायलॉन. एक गुंडाळी दोन दिवस उघडीच राहिली. चाचणीचा तुकडा सोलला, तर रबर फाटायला हवं होतं. ते सालीसारखं अलगद निघालं, खाली कोरं तपकिरी कापड. "ट्रक दारात उभाय, सही कर," साहेब म्हणाले. मी केली.

महिन्याभरात पट्टा खडीच्या खाणीवरून परत आला, थरांचे पापुद्रे सुटलेले. कुणाला इजा झाली नाही, पण खाणीवरच्या मजुरांचे चार दिवसांचे खाडे झाले. ती मजुरी कुणीच भरून दिली नाही. मीही नाही.

तो तुकडा मी आज सोबत आणलाय. पुढच्या रांगेपासून फिरवा. विज्ञानाच्या बाई, तुम्ही आधी नखाने सोलून बघा.